‘पाच-पाच नमुने तोडा आणि पहिला आला तो निवडा’ म्हणे!

क्वालिटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पाच वेल्डिंग प्रक्रियांतली सर्वोत्तम निवडायची तर प्रत्येकीचे ५ नमुने टेन्साइल मशीनवर (ओढून ताकद मोजणाऱ्या) तोडा, सरासरी सर्वाधिक ती घ्या, अ‍ॅनोव्हात (सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीत) पी हा निकालाचा आकडा ०.०५ च्या वर आला तर सगळ्या सारख्याच, स्वस्त ती घ्या. आणि पहिल्या आलेल्या प्रक्रियेची सरासरी हीच तिची ताकद म्हणून रिपोर्टात लिहा. काल भाच्याने तो पाठवून विचारलं, ‘मामा, असंच करू ना?’ अजिबात नको.

सर्वाधिक सरासरी निवडणं चूक नाही, एवढं मान्य. प्रत्येकीच्या नमुन्यांची संख्या सारखी आणि सिग्मा (एकाच प्रक्रियेच्या नमुन्यांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन) सारखा असेल तर नियम तोच. बोंब आहे ती ५ या आकड्याची. तो आला कुठून? संख्याशास्त्रज्ञ बेखोफर यांनी १९५४ मध्येच रीत घालून दिली आहे. किती फरक खरोखर महत्त्वाचा (डेल्टा) आणि किती खात्री हवी, हे आधी ठरवा. मग प्रत्येकी नमुने = (एच × सिग्मा ÷ डेल्टा) चा वर्ग. एच हा तक्त्यातून घ्यायचा आकडा; पाच प्रक्रिया आणि ९५ टक्के खात्रीसाठी तो ३.०५५२. सिग्मा १० मेगापास्कल (ताकदीचं एकक), डेल्टा ५ धरा: प्रत्येकी ३८ नमुने. डेल्टा २.५ केला की १५०. सर्वोत्तम प्रक्रिया बाकी चौघींपेक्षा जेमतेम ५ मेगापास्कलने सरस असेल, तर ५ नमुन्यांत ती हाती लागण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के.

सगळ्यात घातक म्हणजे रिपोर्टातलं ते वाक्य. पाचही प्रक्रिया तंतोतंत सारख्या असल्या, तरी ५-५ नमुन्यांत पहिली आलेली आपल्या खऱ्या सरासरीपेक्षा सरासरीने ५.२ मेगापास्कल जास्तच दिसते. म्हणजे निव्वळ नशिबाला ‘सुधारणा’ म्हणून ग्राहकापुढे ठेवायचं! निवडलेल्या प्रक्रियेचे नवे नमुने तोडा आणि त्यांचीच सरासरी लिहा.

अ‍ॅनोव्हाचं काय बोलायचं? फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असं होत नाही. ५ नमुन्यांत तर नाहीच.

३८ परवडत नसतील तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ शांती गुप्ता यांची रीत घ्या: सर्वाधिक सरासरीपासून एच × सिग्मा ÷ √५, म्हणजे इथे १३.७ मेगापास्कलच्या आत आहेत त्या सगळ्या ठेवा, बाकी काढा. ठेवलेल्यांत खरी सर्वोत्तम प्रक्रिया असण्याची खात्री किमान ९५ टक्के. कधी पाचही उरतील. मग आणखी नमुने तोडावेच लागतील.

हे सगळं सिग्मा आधीच्या नोंदींवरून पक्का माहीत असेल तरच. नसेल तर दोन टप्पे: आधी प्रत्येकी १०-१५ नमुने, त्यावरून पुढची संख्या, पण तिथे एच वेगळा लागतो, ३.०५५२ चालवू नका. आणि सगळे नमुने एकाच वेल्डरचे, एकाच प्लेटचे असतील तर हे गणित लागूच पडत नाही.