पायलट, पण कुठल्या स्टँडचा?

गोव्यात पायलट व्हायला फार शिकावं लागत नाही. मोटारसायकल, तिचा पिवळा रंगवलेला पुढचा मडगार्ड, परवाना आणि बाजारात झाडाखाली उभं राहायला जागा, एवढं जमलं की झालं. मागे गिऱ्हाईक बसवायचं आणि निघायचं. बाहेरून आलेल्या माणसाला ‘इथे पायलट मिळेल’ ही पाटी समजायला वेळ लागतो. आमच्या घरच्यांना मात्र जगात दुसऱ्या प्रकारचेही पायलट असतात, हे समजायला वेळ लागला.

मी त्या दुसऱ्या प्रकारातला. बारामतीला सेसना १७२ या छोट्या विमानावर उड्डाणाचे २०० तास भरले, त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी माझी. नॅव्हिगेशन, हवामान, नियम असे सगळे पेपर काढले. पासाला ७० टक्के लागतात, शाळेत मला ते गणितात कधी पडले नव्हते. सरकारी डॉक्टरांनी डोळ्यापासून कानापर्यंत तपासून मला ‘क्लास वन’ ठरवलं. लायसन्स आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मग मी पेडण्याच्या घरी येऊन पडवीत बसलो. कर्जाचा आकडा आमच्याकडे तिन्हीसांजेला कोणी उच्चारत नाही.

आणि एक दिवस एका कंपनीची भरती निघाली.

अर्ज ऑनलाइन. नाव, जन्मतारीख, एकूण तास, रात्रीचे तास, एकाच इंजिनाचे, दोन इंजिनांचे. हे सगळं लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, बघून मुकाट्याने भरलं. शेवटी एक चौकोन होता : ‘पसंतीचा बेस, क्रमाने तीन.’

बेस म्हणजे वैमानिकाचं बिऱ्हाड. ड्यूटी तिथून सुरू होते, तिथेच संपते. दुसऱ्या गावी मुक्काम पडला तर हॉटेल कंपनीचं, बेसवर मात्र खोलीचं भाडं आपलं. मी बाण दाबला, यादी खाली उघडली. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता. गोवा नाही. परत वर गेलो, परत खाली आलो. नाहीच.

ही बातमी मी घरात सांगायला नको होती.

कारण आमचं घर मोपाच्या सड्यापासून हाकेवर आहे. ज्या सड्यावर आजीनं उभं आयुष्य काजूचे बोंडू वेचले, तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. काकांची थोडी बाग त्यात गेली. त्यामुळे विमानतळ हा काकांच्या दृष्टीनं घरचाच विषय. “आमच्या जमिनीवरून विमान उडणार आणि आमचा मुलगा हैदराबादला राहणार? मग माझी झाडं कशाला कापली?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

बाबा निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी कागद घेतला. आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती वैमानिकाला द्यावीच लागते, हे मी कधीतरी बोललो होतो. ते त्यांनी पाठ केलं होतं. “हैदराबादहून सव्वा तास. शुक्रवारी ये, रविवारी जा.”

“बाबा, सुट्टी शुक्रवारीच मिळेल असं नाही. आणि स्टाफचं तिकीट सबलोड असतं. जागा रिकामी राहिली तरच चढायचं.”

“राहील की एखादी.”

“आणि विमान दाबोळीला उतरलं तर?”

इथे सगळे गप्प झाले. गोव्याला दोन विमानतळ असण्यातली गंमत बाहेरच्यांना कळायची नाही. दाबोळी मुरगाव तालुक्यात, मोपा आमच्या पेडण्यात, मध्ये साठेक किलोमीटर, तीन नद्या आणि पणजीची वाहतूक. हैदराबाद ते गोवा सव्वा तास, गोवा ते गोवा दोन तास.

काका मला एका पुढाऱ्याकडे घेऊन गेले. “मुलगा पायलट झालाय, मोपावर लावून द्या,” एवढंच सांगितलं. त्या गृहस्थांनी मान डोलावली, डायरी काढली आणि विचारलं, “गाडी कितीची? दीडशे सीसी?” काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मडगार्डकडे बघावं तसं जमिनीकडे बघितलं.

मग आजीनं निकाल लावला : देवीला प्रसाद लावू.

देवळात सकाळी गर्दी नव्हती. गुरवानं सातेरीच्या मूर्तीवर पाण्यानं भिजवलेल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हैदराबाद, डावी पडली तर दिल्ली. मुंबई आजीनं परस्पर बाद केली होती, तिथे खोल्या लहान म्हणून. गुरवाला विषय नीट समजावून सांगितला, तरी गाऱ्हाणं त्यानं आपल्या पद्धतीनंच घातलं : “बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा! हां तुजा लेकरू आज तुज्या पायाकडे इला आसा. तेका हैदराबाद बरा काय दिल्ली बरी, ता तूच सांग गे माये. वाटेत खंय आडमेळा आसात तर दूर कर.” “होय म्हाराजा!” असं आम्ही चौघं म्हणालो. वैमानिकासाठी ‘वाटेत आडमेळा’ ही प्रार्थना मला फारच समयोचित वाटली.

वीस मिनिटं झाली. पाकळी हलेना. पंखा बंद केला होता, तरी काका श्वास जपून घेत होते. शेवटी एक पाकळी सुटली, ती ना उजवी ना डावी, मधलीच, सरळ खाली. गुरव म्हणाला, देवी म्हणते लेकराला जवळ ठेवा. काकांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. यादीत नसलेला बेस देवीनं मंजूर केला होता.

मी हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली असं भरून टाकलं.

महिन्याभरानं बोलावणं आलं, दिल्लीला. आधी मानसशास्त्रीय चाचणी, मग मुलाखत. त्या आठवड्यात आजीला मी माझ्या छातीला फेणी चोळू दिली नाही. सर्दी होती, पण उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य आणि फुंकर मारून तपासणी, हे डोक्यात इतकं बसलं होतं की मुलाखतीलासुद्धा कोणी नळी पुढे करील असं वाटत होतं. (“चोळलेली कुठे फुंकरीत येते?” असं आजी म्हणाली. बरोबरच होतं.)

आदल्या दिवशीचं विमान. टाय, इस्त्रीचा शर्ट, लॉगबुक प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाचे दिवस. बाबांनी स्कूटरवरून मोपाला सोडलं आणि मागे न बघता गेले, डोळे भरले होते म्हणून. दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं, मग मला बघितलं.

“सर, ये तो डाबोलिम का है।”

तिकिटावर जीओआय लिहिलं होतं. मोपाचा कोड जीओएक्स. हे मला माहीत होतं. आजन्म माहीत होतं म्हटलं तरी चालेल. नॅव्हिगेशनचा पेपर मी पहिल्या फटक्यात काढलाय.

विमानाला तीन तास होते. टॅक्सीचा आकडा ऐकून मी पेडण्याच्या पायलटकाकांना फोन लावला. शाळेत मला तेच सोडायचे. आले. रेनकोट एकच होता, तो त्यांनी लॉगबुकाला दिला.

म्हापसा, पणजी, मांडवीचा पूल. झुआरीच्या पुलावर वारा उजवीकडून असा आला की गाडी डावीकडे सरकायला लागली. मी सवयीनं मनात क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, मोजत होतो. काकांनी काही न मोजता खांदा किंचित उजवीकडे टाकला आणि गाडी रेषेत आणली. त्यांचे तास किती असतील ते मी विचारलं नाही.

विमानाला पाऊण तास असताना दाबोळी आलं. चेक-इन ऑनलाइन झालं होतं, म्हणून वाचलो. मी भिजलेल्या टायमधून पाणी पिळलं आणि पैसे विचारले. आकडा ऐकून चमकलो. नेहमीच्या भाड्याच्या बरोबर दुप्पट.

“काका, एकाच बाजूचं ना?”

काकांनी मडगार्डवरचा चिखल पुसला.

“येताना रिकामा येवचां पडतलां,” ते म्हणाले, “माजो बेस पेडण्यांत मरे.”