टारचे आकडे आणि निकोटीनची भूक

नव्या रचनेच्या सिगारेटच्या धुराचा विषारीपणा टारच्या (धुरातल्या चिकट कणरूप अंशाच्या) दर मिलिग्रॅममागे कमी भरला, म्हणून ती कमी घातक ठरते, हा त्या सिगारेटच्या चाचण्यांवरील तुमच्या लेखातील निष्कर्ष मला पटला नाही. ओढणारा टार मोजून ओढत नाही. लागलेले निकोटीन मिळेपर्यंत ओढतो, आणि फिल्टरला बारीक छिद्रे पाडून धूर पातळ केला तर झुरका मोठा घेतो किंवा नकळत ती छिद्रे बोटांनी झाकतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या धूर मोजण्याच्या जुन्या पद्धतीत सिगारेट ओढणारे यंत्र मिनिटाला 35 मिलिलिटरचा एकच झुरका घेते व छिद्रे उघडी असतात, तर कॅनडाच्या तीव्र पद्धतीत झुरका 55 मिलिलिटरचा, दर अर्ध्या मिनिटाला आणि छिद्रे बंद करून. आकडे निकोटीनच्या दर मिलिग्रॅममागे दिले असते तर तुलना अधिक प्रामाणिक झाली असती. शिवाय कोळशाचा फिल्टर मुख्यतः वायुरूप घटक अडवतो आणि एम्स चाचणीत (एखादा पदार्थ जनुकांत बदल घडवतो का, हे जिवाणूंवर पाहणाऱ्या चाचणीत) बहुधा यंत्राच्या गाळणीवर जमलेला कणरूप अंशच तपासतात. मग त्या फिल्टरचा गुण तिथे दिसणार कसा?

लेखात बिडीचा उल्लेखही नाही, याचे खानदेशातील वाचक म्हणून नवल वाटले. आमच्या यावल-चोपड्याकडे पारावर पाहावे तर टेंभुर्णीच्या पानाची बिडी विझू नये म्हणून माणसे भराभर झुरके घेत असतात. तिला मिनिटाला एक झुरक्याचे वेळापत्रक लावले, तर धूर गोळा होण्याआधीच ती यंत्रात विझायची.