‘घोट मोजणारी नर्स’: एका प्रतिक्रियेला उत्तर

हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचा रक्त पुढे ढकलण्याचा जोर कमी पडणं) पेशंटना आम्ही नर्स काय शिकवतो, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं असं: हार्ट फेल्युअरच्या पेशंटला पाणी मोजून प्यायला लावणं आता जुनं झालं, नर्सच्या शिकवण्याने फरक पडतो याला पुरावा नाही, आणि ‘घोट मोजणाऱ्या नर्स’पेक्षा डॉक्टरांनीच पाच मिनिटं जास्त द्यावीत.

पाण्याबाबत तुमचं बरंचसं खरं आहे, आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. नेदरलँड्समधल्या ‘फ्रेश-अप’ चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. एका गटाला दिवसाला १५०० मिलिलिटरची मर्यादा, दुसऱ्याला मोकळीक. तीन महिन्यांनी प्रकृतीत लक्षणीय फरक दिसला नाही. तहानेने हैराण झाले ते मर्यादा पाळणारेच. मात्र हे सगळे घरी राहणारे, प्रकृती स्थिर असलेले पेशंट होते. पायांवर सूज चढलेल्या किंवा रक्तातलं सोडियम उतरलेल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका.

पुराव्याचं म्हणाल तर तो दोन्हीकडे आहे. १९९५ च्या एका अमेरिकन अभ्यासात नर्सच्या पुढाकाराने शिकवण आणि पाठपुरावा झाला, तेव्हा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. २००८ च्या डच ‘कोच’ अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. तिथे तुलनेच्या गटावरही हृदयरोगतज्ज्ञांची नियमित देखरेख होती.

पण ‘घोट मोजणं’ हे आमच्या कामाचं वर्णन मला मान्य नाही. आम्ही मुख्यतः शिकवतो ते वजन वाचायला. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडांना वाटतं शरीरात रक्तच कमी आहे, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पायांवर सूज दिसायच्या आधी काटा बोलतो. म्हणून सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, रोज त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं की फोन. उलट्या-जुलाब होऊन वजन झपाट्याने उतरलं, तरीही फोन. तेव्हा लघवीची गोळी (शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) नेहमीसारखी घेत राहणं अंगलट येऊ शकतं.

एक पेशंट आठवतात. त्यांची वही इतकी नेटकी की मला माझ्याच नोंदींची लाज वाटली. पंधरा दिवसांचं वजन, तारीखवार, वाढत गेलेलं. शेवटच्या नोंदीनंतर दम लागून भरती. कुठल्या आकड्यावर फोन करायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर सांगितलं असेलही, डिस्चार्जच्या गडबडीत, कागदावर सही घेताना. तेव्हापासून मी ‘समजलं का?’ असं विचारत नाही, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असतं. मी म्हणते, ‘समजा परवा वजन अडीच किलो वाढलेलं दिसलं. काय कराल?’ अर्ध्या वेळा उत्तर येतं, ‘पाणी कमी पिईन आणि वाट बघेन.’ खरी शिकवणी तिथून सुरू होते.

तहानेवरही बोलतो आम्ही. बर्फाचा तुकडा चघळणं, चूळ भरणं, बिनसाखरेचं च्युइंगम. अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक शरीरात पाणी अडवते, हेही बहुतेकांना इथेच पहिल्यांदा कळतं.

डॉक्टरांची पाच मिनिटं? जरूर द्यावीत, मी दार धरून उभी राहीन. पण परवाच एक आजी तपासणीत ‘गोळ्या नियमित घेते’ म्हणाल्या आणि बाहेर येऊन मला हळूच सांगितलं, की प्रवास असला की लघवीची गोळी गाळतात, वाटेत थांबायची सोय नसते म्हणून. डॉक्टरांना विचारून आम्ही त्या दिवसांपुरती ती गोळी घरी परतल्यावर घ्यायची ठरवली.