एकाच रिडिमवर अनेक गायक गातात, ही चोरी नव्हे

जमैकाच्या डान्सहॉल या मशीनच्या ठेक्यावरच्या नाचाच्या संगीताबद्दल एक पोस्ट सध्या फिरते आहे. एकच ट्यून दहा गायक वापरतात म्हणजे सरळ कॉपी. मशीनच्या बीटमध्ये भक्ती कसली. आणि बंदुका-बायकांवर गाणारे देवाचं नाव घेतात ते खपासाठी, असं तिचं म्हणणं. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, दुसरा तर साफच.

रिडिम म्हणजे ड्रम आणि बेसचा पाया. निर्माता तो बांधतो आणि स्वतःच निरनिराळ्या गायकांना त्यावर गायला बोलावतो. आपल्याकडे कितीतरी अभंग एकाच चालीवर म्हणतात. इथे तर चालही ज्याची त्याची असते. जुन्या रिडिमच्या वादकांना अनेकदा मोबदला मिळाला नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आता भक्तीचं. १९९५ मध्ये बॉबी डिजिटल या निर्मात्याने ‘केटे ड्रम’ हा रिडिम काढला. डिटरमिन आणि बीनी मॅन त्यावर एकत्र गायले. हे नावच जमैकातल्या रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या न्याबिंगी नावाच्या उपासनेतल्या ढोलाचं आहे. तिथे तीन ढोल वाजतात: बेस जड ठोका देतो, फुंडे लय धरून ठेवतो आणि केटे त्यावर मोकळा खेळतो. सोबत बायबलमधली स्तोत्रं म्हटली जातात. हे ढोल वाजवणाऱ्यांनी फार सोसलं आहे. १९६३ मध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्स प्रकरणात पोलिसांनी रास्ताफारींना पकडून मारहाण केली. सरकारची माफी यायला २०१७ उजाडलं. स्टीली आणि क्लीव्ही या निर्मात्यांच्या ‘पोको मॅन जॅम’ या रिडिममागेही असाच उपासनेचा ठेका आहे, १८६०-६१ च्या धार्मिक पुनरुज्जीवनातून आलेल्या पोकोमेनिया पंथाचा. मशीनमध्ये कोणता ठेका भरायचा हे माणूसच ठरवतो, आणि या माणसांच्या कानात उपासनेचे ढोल होते.

काही डान्सहॉल गाण्यांत हिंसा आहे, समलिंगी माणसांबद्दल उघड द्वेष आहे. देवाची गाणी गाणाऱ्यांपैकीही काहींनी तसं गायलं आहे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण म्हणून सगळ्यांची श्रद्धा विक्रीची ठरत नाही. पापा सॅन आणि लेफ्टनंट स्टिची हे दोघे डान्सहॉलचे गाजलेले गायक. १९९०च्या दशकात त्यांनी ख्रिस्ती धर्म मनापासून स्वीकारला आणि ज्या गाण्यांनी नाव दिलं ती मागे ठेवून गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गायला सुरुवात केली. खपासाठी कुणी चालू बाजार सोडून छोट्या बाजारात जात नाही.