आडनावावर किती गाणी खपतात?

रॉक ऐकणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: प्रसिद्ध रॉक कलाकारांची पोरं म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. आडनावामुळे त्यांना करार मिळतो आणि रेकॉर्ड खपतात. तेही जमलं नाही तर बापाच्या बँडमध्ये खुर्ची राखून ठेवलेली असतेच. वाजवतात ती बापाची नक्कल. आणि आधीची पिढी कशी, घरात कसलाही आधार नसताना स्वतःच्या हिमतीवर वर आली! खाली जेकब डिलनपासून वुल्फगँग व्हॅन हेलनपर्यंत नावांची यादी. नावं खरी आहेत, पण यादी करणाऱ्याने या मंडळींचं पुढे काय झालं ते पाहिलेलं दिसत नाही.

‘करार मिळतो, रेकॉर्ड खपतात.’ यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. बॉब डिलनचा मुलगा बँड काढतोय म्हटल्यावर कंपन्यांचे कान टवकारले जाणारच. लॉस एंजेलिसमध्ये कँटर्स या खाण्याच्या जागेला लागून किबिट्झ रूम नावाचा लहानसा बार आहे. जेकबचा ‘द वॉलफ्लॉवर्स’ हा बँड सुरुवातीला तिथे वाजवायचा. व्हर्जिन कंपनीने त्यांना करारबद्ध केलं आणि १९९२ मध्ये पहिला अल्बम आला. तो साफ पडला. गायक कुणाचा मुलगा आहे हे तेव्हा काही गुपित नव्हतं, तरी लोकांनी अल्बम घेतला नाही. व्हर्जिनशी संबंध संपले, नवी कंपनी शोधण्यात वेळ गेला, बँडमधली माणसं बदलली. १९९६ मध्ये इंटरस्कोपकडून दुसरा अल्बम आला आणि त्याच्या एकट्या अमेरिकेत चाळीस लाख प्रती गेल्या. त्यातल्या ‘वन हेडलाइट’ या गाण्याला १९९८ साली दोन ग्रॅमी मिळाले. त्याच रात्री वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी जेकबच्या वडिलांना मिळाला. वर्तमानपत्रांना अर्थातच बापलेकांचा मथळा सापडला.

आता मजकूरवाल्यांनी एवढंच सांगावं: १९९२ आणि १९९६ च्या मध्ये आडनाव बदललं होतं का? आडनावावर रेकॉर्ड खपत असत्या तर पहिलीच खपली असती. त्यांच्या बाजूने एक मुद्दा मीच पुरवतो. दुसऱ्या अल्बमचा निर्माता टी बोन बर्नेट हा १९७५ साली बॉब डिलनच्या दौऱ्यात गिटार वाजवत होता. म्हणजे ओळख होतीच. पण त्याच बर्नेटने १९९३ मध्ये ‘काउंटिंग क्रोज’चा पहिला अल्बम करून लाखोंनी खपवला होता आणि त्या बँडमध्ये कुणाचाही प्रसिद्ध बाप नव्हता. चांगल्या निर्मात्याकडे चांगली गाणी घेऊन जावं लागतं. ओळखीने फार तर दार उघडतं.

नुसत्या आडनावांचा कस पाहायचा असेल तर ‘सस्पेक्ट२०८’ घ्या. २०२० मध्ये निघालेल्या या बँडमध्ये ‘गन्स अँड रोझेस’च्या स्लॅशचा मुलगा, ‘मेटालिका’च्या रॉबर्ट ट्रुहियोचा मुलगा आणि ‘स्टोन टेंपल पायलट्स’च्या स्कॉट वायलंडचा मुलगा असे तिघे एकत्र होते. यापेक्षा भारी आडनावं एका मंचावर आणायची कुठून? बातम्या झाल्या, पहिलं गाणं आलं, मग वायलंडच्या मुलाला काढलं गेलं आणि २०२१ संपायच्या आत बँडच संपला. अशा वेळी मजकूरवाले म्हणतात, ‘बघा, प्रतिभाच नव्हती.’ म्हणजे जमलं तर बापामुळे, फसलं तर स्वतःमुळे. असा नियम केला की वाद घालायला कुणी उरतच नाही.

‘बापाच्या बँडमध्ये खुर्ची राखीव.’ इथे वुल्फगँगचं नाव घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे. १९७४ पासून ‘व्हॅन हेलन’मध्ये बेस वाजवणाऱ्या मायकल अँथनीला बाजूला करून २००६ मध्ये बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलनने आपल्या पंधरा वर्षांच्या पोराला, म्हणजे वुल्फगँगला, घेतलं. हा शुद्ध वशिला होता. अँथनीच्या चाहत्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एडी गेला. त्यानंतर वडिलांची गाणी घेऊन गावोगाव फिरायचं म्हटलं असतं तर वुल्फगँगला जन्मभर तिकिटांची ददात नव्हती. त्याने ‘मॅमथ’ नावाने वेगळं काम सुरू केलं, २०२१ मध्ये अल्बम काढला आणि त्यात गिटार, बेस, ड्रम, गायन सगळं एकट्याने केलं. स्वतःच्या मैफिलींत तो ‘व्हॅन हेलन’ची गाणी वाजवत नाही. समोरून फर्माइश आली तरी नाही. वडिलांवर लिहिलेल्या त्याच्या एका गाण्याला सर्वोत्तम रॉक गाण्याचं ग्रॅमी नामांकनही मिळालं.

बाकीच्या खुर्च्यांचं काय झालं तेही पाहू. ‘लेड झेपलिन’चा ड्रमर जॉन बॉनम १९८० मध्ये वारला आणि बँड थांबला. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात ते पुन्हा एकत्र आले तेव्हा ड्रमवर त्याचा मुलगा जेसन होता. तो काही हवेतून आला नव्हता, ऐंशीच्या दशकापासून स्वतःचे आणि दुसऱ्यांचे बँड वाजवत आला होता. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात तो कुठे कमी पडला हे शोधून दाखवा. पुढे दौरा व्हावा असं इतरांना वाटत होतं, गायक रॉबर्ट प्लांट तयार झाला नाही. राखीव म्हणतात ती खुर्ची एका संध्याकाळपुरती निघाली.

रिंगो स्टारचा मुलगा झॅक स्टार्की तर बापाच्या बँडमध्ये बसलाच नाही, कारण ‘बीटल्स’ तो पाच वर्षांचा व्हायच्या आतच फुटले होते. तो ‘द हू’मध्ये गेला. लहानपणी त्याला ड्रमचा संच भेट देणारा कीथ मून हा ‘द हू’चाच ड्रमर, १९७८ मध्ये वारलेला. म्हणजे इथेही ओळख आहे, नाकारत नाही. पण १९९६ पासून जवळपास तीन दशकं बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडसारख्या माणसाने त्याला ओळखीपोटी सहन केलं असेल, हे टाउनशेंडला ओळखणाऱ्या कुणालाही पटायचं नाही. मधल्या काळात ‘ओएसिस’नेही त्याला बोलावलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘द हू’ने झॅकला काढलं, काही दिवसांत परत घेतलं, मे महिन्यात पुन्हा काढलं. ‘बीटल्स’चं रक्त असूनही.

‘बापाची नक्कल.’ याला उत्तर म्हणून मला जे वाइनबर्ग पुरेसा वाटतो. वडील मॅक्स वाइनबर्ग हे ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘ई स्ट्रीट बँड’चे ड्रमर. २००९ मध्ये मॅक्स टीव्हीच्या कामात अडकले तेव्हा जेने त्यांच्या जागी काही कार्यक्रम वाजवले. मजकूरवाल्यांना हवा तसाच प्रसंग. पण २०१४ मध्ये हा पोरगा ‘स्लिपनॉट’ या मेटल बँडमध्ये गेला, जिथे स्प्रिंगस्टीनच्या संगीताचा वारासुद्धा नाही, सगळे मुखवटे घालून वाजवतात आणि नव्या ड्रमरचं नाव सुरुवातीला बँडने जाहीरच केलं नव्हतं. मुखवट्याआडून जवळजवळ दहा वर्षं वाजवणाऱ्याला आडनावाचा किती फायदा झाला असेल, तुम्हीच ठरवा. २०२३ मध्ये त्यालाही नारळ मिळाला.

याच मुद्द्याला जोडून ‘रक्तातच असतं’ असं कौतुकाने म्हणणारेही असतात. तेही मला पटत नाही. जेफ बकलीचं उदाहरण नेहमी देतात. वडील टिम बकली गायक खरे, पण जेफची त्यांच्याशी जाणत्या वयात भेट झाली ती एकदाच, आठवडाभराची. त्यानंतर दोनेक महिन्यांत, १९७५ मध्ये, टिम गेले. जेफ वाढला आई आणि सावत्र वडिलांच्या घरात. ‘लेड झेपलिन’ची रेकॉर्ड त्याच्या हातात पडली ती या सावत्र वडिलांकडून, आणि त्याच्या गिटारीत पुढे झेपलिनच जास्त ऐकू येतं. हो, १९९१ मध्ये ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये टिमच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात तो गायला आणि तिथून न्यूयॉर्कच्या लोकांच्या नजरेत आला. आडनावाने तेवढं केलं. १९९४ चा त्याचा अल्बम अमेरिकेच्या यादीत १४९ व्या क्रमांकापुढे सरकला नाही. १९९७ मध्ये मेम्फिसला तो बुडून गेला, आणि जग त्याला खऱ्या अर्थाने ऐकू लागलं ते त्यानंतर.

राहिली ‘आधीची पिढी’. एडी आणि अॅलेक्स व्हॅन हेलनचे वडील यान हे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे व्यावसायिक वादक. १९६२ मध्ये हॉलंडहून कॅलिफोर्नियात आल्यावर ते साफसफाईची कामं करायचे आणि मिळतील तिथे वाजवायचे. पोरांनी १९८२ च्या अल्बममध्ये एका गाण्यात वडिलांना क्लॅरिनेट वाजवायला घेतलं. पॉल मॅकार्टनीच्या वडिलांचा तर ‘जिम मॅक्स जॅझ बँड’ होता. घरात पियानो होता आणि वाढदिवसाला पोराला ट्रंपेट मिळालं, ते देऊन त्याने गिटार घेतली. घरात वाद्य असणं, कुणीतरी सूर चुकला म्हणून सांगणारं असणं, हा वारसा त्यांच्याकडेही होता. त्यांच्या बापांना जग ओळखत नव्हतं, एवढाच फरक.

आणि पैसा? तो मुद्दा खरा आहे, पण यादीने तो चुकीच्या दारी नेला. ‘द स्ट्रोक्स’ या रॉक बँडचे ज्युलियन कॅसाब्लांकास आणि अल्बर्ट हॅमंड ज्युनियर एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते स्वित्झर्लंडच्या ल रोझे या निवासी शाळेत, जगातल्या सर्वांत महागड्या शाळांपैकी एका शाळेत. हॅमंडचे वडील गाजलेले गीतकार, तरी मजकुरात त्याचा उल्लेख नाही. ज्युलियनचे वडील ‘एलिट’ या मॉडेलिंग कंपनीचे संस्थापक, म्हणजे यादीच्या निकषात ते बसतच नाहीत. कमाईची चिंता न करता वर्षानुवर्षं तालीम करता येणं, जागेचं भाडं घरून येणं, वाद्य मोडलं तर दुसरं घेता येणं, ही खरी सवलत. तिच्याबद्दल तक्रार करायची असेल तर जरूर करा, पण यादी नव्याने लिहावी लागेल, आणि तिच्यात पहिलं नाव कुठल्या रॉकस्टारच्या पोराचंच येईल याची खात्री नाही.