सिंहांच्या डोक्यावरचे चक्र

1949 साली स्वतंत्र भारताची पहिली एक रुपयाची नोट निघाली, तेव्हा तिच्यावर सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याच्या जागी सारनाथचे सिंहशीर्ष आले. त्या जागी महात्मा गांधींचे चित्र घालावे असा विचार आधी झाला होता, तसे नमुनेही तयार झाले होते, पण शेवटी पसंती सिंहशीर्षाला मिळाली. (रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या नोटांवर गांधीजी दिसू लागले ते 1996 पासूनच्या मालिकेत.) मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. राजाचा चेहरा गेला आणि त्या जागी दुसऱ्या कोणा माणसाचा चेहरा न येता दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एक शिल्प आले, जे घडवून घेणाऱ्या सम्राट अशोकाने कलिंगच्या युद्धानंतर झालेला पश्चात्ताप स्वतःच शिलालेखात कोरून ठेवला होता.

हे सिंहशीर्ष 1904-05 च्या उत्खननात सापडले. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्याखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, त्यांच्या मधोमध चक्रे आणि सर्वांत खाली उलट्या कमळाची घंटाकृती बैठक अशी त्याची रचना आहे. 26 जानेवारी 1950 रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत ही बैठक घेतलेली नाही आणि समोरून पाहताना चौथा सिंह दिसत नाही, हे शाळेत सगळेच शिकतात. मूळ शिल्पात सिंहांच्या डोक्यावर आणखी एक मोठे चक्र होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्याचे तुकडे उत्खननात मिळाले आणि ते 32 आऱ्यांचे असावे असे अभ्यासक मानतात. बुद्धाने जिथे पहिला उपदेश केला त्या जागी सम्राटाने उभारलेल्या स्तंभावर सर्वांत उंच स्थान धर्मचक्राला होते आणि चारी दिशांना गर्जणारे सिंह त्याच्याखाली, ते पेलून धरणारे होते. बळाचे आणि नीतीचे नाते कसे असावे, हे यापेक्षा स्पष्टपणे दगडात सांगता आले नसते.

2022 मध्ये नव्या संसद भवनावरील सिंहशीर्षाचे अनावरण झाले, तेव्हा सिंहांचे जबडे मूळ शिल्पापेक्षा उग्र आहेत की नाहीत यावर देशभर वाद झाला. दोन्ही बाजूंनी छायाचित्रे समोर ठेवली गेली. त्या सबंध वादात सिंहांच्या वर काय होते, याची चर्चा माझ्या तरी वाचनात आली नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपली राष्ट्रीय प्रतीके प्रथम सत्ताधाऱ्यांना बांधून घेण्यासाठी निवडली गेली होती आणि आज आपण त्यांचा उपयोग मुख्यतः एकमेकांची निष्ठा तपासण्यासाठी करतो. ध्वजाचेच पाहा. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव पंडित नेहरूंनी मांडला आणि त्यावर डॉ. राधाकृष्णन बोलले. भगवा रंग शौर्याचा आणि त्यागाचा, असे आपण पाठ करतो, पण कोणाचा त्याग, हा प्रश्न विचारत नाही. राधाकृष्णन यांनी त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले होते. त्यागाचे सर्व प्रकार राजधर्मात सामावलेले असतात या महाभारतातील वचनाचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, आपले नेते निःस्वार्थी असले पाहिजेत. भगव्याने पहिली मागणी केली ती मंचावर बसलेल्यांकडे, मैदानात रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांकडे नव्हे. ध्वजाच्या मध्यभागी जे चक्र आले, ते चरख्याचे प्रतिनिधित्व करील आणि त्याची आकृती सारनाथच्या शिल्पावरील चक्राची असेल, असे ठरावातच नमूद होते, म्हणजे श्रम आणि धर्म एकाच वर्तुळात आणण्याचा तो विचार होता.

सत्तेने स्वतःला घालून घेतलेल्या बंधनाचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातही सापडला आहे. नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली, ज्यात वृद्धांच्या भेटी घेणे, त्यांना दान देणे आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे हेच काम असते, असे त्या लेखात सम्राट सांगतो. आजच्या दौऱ्यांचे ताफे पाहताना मला हा लेख आठवतो, आणि ती तुलना कोणत्याही पक्षाला सोयीची नाही.

आता दुसरी बाजू. केरळातील तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले होते. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा 2016 चा आदेशही त्याच न्यायालयाने 2018 मध्ये सैल करून ते ऐच्छिक ठरवले. मी स्वतः राष्ट्रगीताला उभा राहतो आणि गातोही. पण शेजारच्या खुर्चीवरचा माणूस उभा राहतो की नाही याची पाहणी करणे हे राष्ट्रप्रेमाचे काम आहे, असे मला वाटत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 51 क मधील पहिल्या मूलभूत कर्तव्याचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे: आधी संविधानाचे पालन, मग त्याचे आदर्श आणि संस्था यांचा आदर, आणि त्यानंतर राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत. आपण हे वाक्य शेवटाकडून वाचायला लागलो आहोत.

राजमुद्रेच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा 2005 चा आहे. ‘सत्यमेव जयते’ हे मुंडकोपनिषदातील शब्द खाली नसतील तर राजमुद्रा अपूर्ण मानली जाते, आणि तरीही गाडीच्या काचेवर किंवा भेटपत्रावर हौसेने सिंह छापणारे लोक नेमके तेवढेच शब्द गाळतात. योगायोग असा की माहितीचा अधिकार देणारा केंद्रीय कायदाही त्याच 2005 सालचा आहे, आणि महाराष्ट्राने तर आपला स्वतंत्र कायदा त्याआधीच केला होता. एका कायद्याने सिंहांचे चित्र जपले, तर दुसऱ्याने त्याखालचे शब्द खरे करण्याचे साधन नागरिकाच्या हाती दिले. सिंहाची मुद्रा असलेल्या कागदावर तीस दिवसांत खरे आणि पूर्ण उत्तर देणारा माहिती अधिकारी माझ्या दृष्टीने राजमुद्रेचा खरा मान राखतो, आणि अर्जदाराला कारणाशिवाय अपिलात ढकलणारा अधिकारी तिचा अवमान करतो, मग त्याच्या टेबलावर कितीही मोठा तिरंगा असो.