बारा टक्क्यांची चादर

मामाचं सोलापुरात चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि घरात "कॉम्प्युटरचं कळतं" असा माणूस मी एकटाच, त्यामुळं दुकानाची वेबसाइट कुणी करायची हा प्रश्नच नव्हता, फुकट करायची का चहावर करायची एवढंच ठरायचं होतं. चहावर ठरलं. केली साइट. पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, मागं डेटाबेस, त्यात दोनेकशे चादरी, प्रत्येकीला एक नंबर. पान एकच, नंबर बदलला की चादर बदलते. मी स्वतःवर जाम खूश.

मग एक दिवस दुकानात बसलो होतो आणि मामा फोनवर पुण्याच्या गिऱ्हाइकाला मोराच्या चादरीचा पत्ता सांगत होता. "लिहा... प्रॉडक्ट डॉट पीएचपी. मग प्रश्नचिन्ह. नाही हो, मी काही विचारत नाहीये, पत्त्यातच प्रश्नचिन्ह हाय. मग कॅट. मांजर नव्हं, कॅटेगरी. बरोबर तीन. बरोबर म्हणजे चूक-बरोबर नाही, दोन आडव्या रेघा. मग सातावरचं ते वेटोळं, शिफ्ट दाबून..." पुढं बहुतेक पलीकडून फोन कट झाला.

मामानं माझ्याकडं बघितलं. "काय बे, लोकांच्या साइटी बघ जरा. स्लॅश चादर, स्लॅश मोर, खेळ खलास. आपल्यातच एवढ्या शंका का?"

आता हे मामाला पटवून देणं अवघड, पण शंका काढता येतात. आमचं घर जुळे सोलापुरात. कागदावर प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर सगळं आहे, पण त्या नंबरावर आजवर एकही कुरियरवाला आलेला नाही, "पाण्याच्या टाकीच्या मागं, दारात पेरूचं झाड" म्हटलं की बरोबर येतो. कागदावर नंबर तोच राहतो, लोकांसाठी बाहेर पेरू. सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथं राहते तिथं, हे काम मॉड-रीराइट नावाचं एक प्रकरण करतं. राल्फ एंगेलशाल नावाच्या गृहस्थानं ते १९९६ साली अपाचे नावाच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरसाठी लिहिलं. बाहेरून कुणी "चादर, स्लॅश, मोर" मागितलं की ते आतल्या आत, गिऱ्हाइकाला कळू न देता, जुन्याच पानाच्या दारात नेऊन सोडतं. मी मामाला म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. हे वाक्य मी आयुष्यात परत कुणाला बोलणार नाही.

पहिली भानगड नावांची. मोर म्हणजे ४७ हे सर्व्हरला आपोआप थोडंच कळणार, डेटाबेसात प्रत्येक चादरीला वेगळं नाव द्यावं लागतं, आणि एक नाव दोघींना चालत नाही. मामाला बसवून नावं विचारली तर लाल मोर, दुसरा लाल मोर, जुना लाल मोर, आणि "तो, जो कोठेकाकू नेहमी नेतात". शेवटचं तसंच टाकलं, कंटाळा आला होता.

मग नियम लिहायची फाइल. तिचं नाव टिंबानं सुरू होतं, डॉट एचटीअॅक्सेस, टिंबाआधी काहीच नाही. नोटपॅडनं प्रेमानं मागं डॉट टीएक्सटी चिकटवलं, ते मला तासभर दिसलंच नाही. नाव सुधारून अपलोड केली तर फाइल गायब! मी परत चढवली, परत गायब, असं तीनदा. लिनक्समध्ये टिंबानं सुरू होणारी फाइल लपलेली असते, ती तिथंच होती, बुरख्यात. आणि आतली भाषा काय विचारू नका. टोपीसारखं चिन्ह म्हणजे सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. आधी टोपी आणि शेवटी पैसा, कुणीतरी आपल्याला टोपी घालतंय हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

एवढं करून काहीच झालं नाही. म्हणजे एरर पण नाही. नवा पत्ता टाकला की चारशे चार, म्हणजे पान सापडत नाही, जुना टाकला की जुनं पान, जणू मी फाइल लिहिलीच नाही. रात्री दीडला पूर्व भागातल्या आमच्या अण्णाला फोन लावला, तो सर्व्हरचीच कामं करतो. तो झोपेत म्हणाला, "फाइलीत कायतरी घाण लिही." मला वाटलं शिवी देतोय. पण नाही, ही खरी तपासणी आहे. फाइलीत अर्थ नसलेलं काहीतरी टाकायचं, सर्व्हर फाइल वाचत असेल तर पाचशेची, म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड असल्याची, एरर देतो, नसेल तर पान छान उघडतं. मी शेंगाचटणी असं लिहून पान उघडलं. छान उघडलं. एरर आली नाही म्हणून रडकुंडीला आलेला मी जगातला पहिलाच असेन. अपाचे अशा फाइली मुळात वाचतच नाही, मुख्य सेटिंगमध्ये अलाउ-ओव्हरराइड चालू करावं लागतं, ते बाय डिफॉल्ट बंद असतं. ते केलं, मॉड-रीराइट चालू केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि लगेच पाचशे! शेंगाचटणी काढायची राहिली होती.

सकाळी दुकानात मामाला दाखवलं. मोर उघडला, पण पान उघडंबोडकं, रंग नाही, फोटो नाही, नुसती अक्षरं एकाखाली एक. पत्त्यात एक स्लॅश वाढला की ब्राउझरला वाटतं आपण चादर नावाच्या फोल्डरात आलोय, तो सीएसएस, म्हणजे पानाच्या रंगरूपाची फाइल, तिथंच शोधतो, आणि माझा नियम एवढा उत्साही की सीएसएसची मागणी पण चादरच समजून पकडत होता. मामा चष्मा वर करून म्हणाला, "दोनशे चादरी हायेत बे आत, एखादी पांघरायला दे की त्याला." खरी फाइल असेल तर हात लावू नको अशी अट घातली, फोटो-सीएसएसचे पत्ते मुळापासून दिले, तेव्हा कुठं अंगावर कपडे आले.

इथं थांबायला पाहिजे होतं. पण मामाला पत्ता मराठीत पाहिजे झाला, आणि ते होतं पण, ब्राउझरमध्ये मस्त "चादर" दिसतं. मामानं कौतुकानं लिंक कॉपी करून सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर टाकली. आता लिंक कॉपी केली की मराठी अक्षरं जात नाहीत, त्यांचे बाइट, म्हणजे कॉम्प्युटरचे आकडे जातात. देवनागरीचं एक अक्षर किंवा काना म्हणजे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटमागं एक टक्क्याचं चिन्ह. च, काना, द, र. चार गुणिले तीन. संध्याकाळी एक काका फोन धरून दुकानात, "ह्या लिंकीत बारा टक्के लिवलंय, मी मोजलं, डिस्काउंट कुठाय?" मामानं दिला पण! बारा टक्के! आणि माझ्याकडं असा बघितला की मी रात्रीतच सगळे पत्ते इंग्रजी अक्षरात केले.

मग कळलं की पिशव्या छापायला गेल्यात. पाच हजार. जुन्या, प्रश्नचिन्हवाल्या पत्त्याच्या. म्हणजे जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्यावर पाठवणं आलं. तो नियम लिहिला तर जुना नव्यावर पाठवतो, नवा आतून जुन्यावर जातो, तो परत नव्यावर, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखं गरागरा, शेवटी ब्राउझरच म्हणाला बास. गिऱ्हाइकानं मूळ काय मागितलं होतं तेवढंच तपासायचं, अशी अट घातल्यावर पाळणा थांबला. मधल्या धडपडीत मोराला चुकून होमपेजवर कायमचं पाठवलं होतं, ते मी पाच मिनिटात काढलं, पण कायमचं म्हटल्यावर मामाच्या फोननं ते कायमचं लक्षात ठेवलं. सगळ्या जगाला मोर दिसतोय, मामाला नाही. कॅश, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेलं, साफ करतो म्हटलं तर मामा फोन देईना, त्यात गल्ल्याचा हिशोब असतो म्हणे, ही कॅश ती नव्हे हे सांगता सांगता दुपार गेली.

काल पिशव्या आल्या. कागद चांगला, मोर छान, पत्ता ठळक. फक्त प्रश्नचिन्ह नाही. छपाईवाल्याला वाटलं मामाला स्वतःलाच पत्त्याची शंका आहे म्हणून त्यानं पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय, तर त्यानं ते गाळलं आणि तिथं नीट मोकळी जागा सोडली. आता त्या मोकळ्या जागेचा नियम लिहितोय. पत्त्यात मोकळी जागा टाकली की ब्राउझर तिचं टक्का वीस करतो. मामाला अजून सांगितलेलं नाही.